अकरावा आलेला मुलगा आणि त्याची वही

पत्र: ताई, आम्ही नागपूरला काटोल रोडला राहतो. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा बारावी सायन्सला, आठवीपासून सायकलिंग करतो. गेल्या वर्षी त्यानं चार कप आणले. यंदा कोचनं सांगितलं, की डिसेंबरातली राज्य स्पर्धा हीच खरी, बाकी सगळ्या रेस सरावासाठी. मागच्या रविवारी क्लबच्या रेसमध्ये अकरावा आला आणि घरी हसत आला. रागावलो तर म्हणतो, डेन्मार्कचा विंगेगार्डही वर्षभर एकाच शर्यतीची तयारी करतो. अभ्यास सोडून एका वहीत आकडे लिहीत बसतो. त्या पानाचा फोटो पाठवतो आहे. वही मी कपाटात ठेवली आहे. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे. यात काही भविष्य आहे, की आताच थांबवू? (एक वडील)

नमस्कार भाऊ,

पत्र एकदा वाचलं आणि फोटो तीनदा पाहिला. तुम्ही तो तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलात. मला मात्र तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पानावरच सापडलं.

चौकटीच्या वहीचं पान आहे. पाच रकाने आखलेत: तारीख, उठल्यावरची नाडी, झोप, किलोमीटर आणि शेवटचा नुसता 'पाय'. सोमवारी नाडी ५१, मंगळवारी ५२. गुरुवारी ५६. शनिवारी ६०, आणि 'पाय'च्या रकान्यात 'जड'. त्या आठवड्याची बेरीज खाली केली आहे, ३४० किलोमीटर. रविवारी लिहिलंय: 'रेस. ११वा. शेवटच्या चढावर काही उरलं नव्हतं. बरोबर आहे.' पुढच्या बुधवारी नाडी परत ५२.

ते 'बरोबर आहे' पुन्हा वाचा. सगळ्यात जड आठवड्याच्या शेवटी, थकलेल्या पायांनी तो रेसला उतरला. पाय थकलेत हे त्याला आदल्या दिवशीच ठाऊक होतं, आणि निकाल त्या हिशेबाला धरूनच लागला. तो हसत आला तो त्यामुळे. हरल्याचं त्याला काही वाटत नाही असा त्याचा अर्थ नाही. सतरा वर्षांचं पोरगं रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःची नाडी मोजतं आणि खोटं न लिहिता वहीत उतरवतं, हे मी इतक्या वर्षांत फार थोड्या मुलांमध्ये पाहिलंय.

आता कोचच्या एका शर्यतीबद्दल. भाऊ, ही गोष्ट मी तुम्हाला समजावण्यापेक्षा तुम्हीच मला नीट समजावू शकाल. संत्र्याचं झाड सोडून दिलं तर वर्षातून दोन-तीनदा थोडं थोडं फुलतं. तुम्ही तसं होऊ देता का? आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा) धरायचा की मृग (पावसाळ्याच्या तोंडावरचा), ते आधी ठरवता. मग पाणी तोडता, बगीचा ताणावर सोडता. पानं मलूल होतात, रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं बगीचा वाळला. ठरल्या वेळी पाणी दिलं की सगळी झाडं एकदम फुलतात. दोन्ही बहार घेण्याचा लोभ केला तर झाड खचतं आणि पुढची वर्षं बसून राहावं लागतं.

सायकलपटूचं शरीर असंच चालतं. जड सरावानं ताकद लगेच वाढत नाही, आधी थकवा येतो. ताकद वाढते ती नंतरच्या विश्रांतीत. महिनोन् महिने सराव चढवत नेला की अंगात ताकद साठते, पण वर थकव्याचा थर असतो, म्हणून ती रस्त्यावर दिसत नाही. मुख्य शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी सरावाचे किलोमीटर जवळपास निम्म्यावर आणतात. जोर मात्र कमी करत नाहीत, छोट्या छोट्या कडक धावा चालूच ठेवतात. थकवा उतरतो, ताकद तशीच राहते, आणि त्या दिवशी पाय बहराला येतात. याला टेपर म्हणतात. हा फुलोरा काही आठवडेच टिकतो. म्हणून तो ऑगस्टमध्ये आणायचा की डिसेंबरात, हे आधी ठरवावं लागतं.

हे न ठरवल्यानं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा, तोही आपल्या नागपूरचाच. जुलैपासून जी रेस दिसेल ती जिंकायची असा त्याच्या घरचा हट्ट होता. सप्टेंबरपर्यंत कपांनी शोकेस भरली. नोव्हेंबरात त्याची झोप उडाली, सर्दी महिनाभर हटली नाही, आणि राज्य निवडीच्या दिवशी तो मधल्या घोळक्यातही टिकला नाही. त्याच्या वडिलांचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. 'सप्टेंबरात तर सगळ्यांना मागे टाकत होता,' हेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्याच्याकडे अशी वही नव्हती, आणि मीही त्याला ती ठेवायला सांगितलं नव्हतं. ते मला आजही बोचतं.

विंगेगार्डचं म्हणाल तर मुलगा बरंचसं खरं सांगतोय. टूर डी फ्रान्स जुलैमध्ये होते, २३ दिवसांत २१ टप्पे, सव्वातीन हजारांहून जास्त किलोमीटर. २०२२ आणि २०२३ ला तो ती जिंकला, आणि दोन्ही वर्षी त्याचा हंगाम मुख्यतः त्याच तीन आठवड्यांभोवती बांधलेला होता: मोजक्या शर्यती आणि उंच डोंगरावर आठवडेच्या आठवडे राहून सराव. विरळ हवेत राहिलं की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, त्यासाठी. पण त्याला पुढचं वर्षही विचारा. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनमधल्या एका शर्यतीत तो उतारावर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार लागला. बहार धरलेल्या बगीच्यावर गारपीट व्हावी तसं. तरी जुलैत तो उभा राहिला आणि दुसरा आला.

त्या वर्षी टूर जिंकलेल्या स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं मेमधली तशीच तीन आठवड्यांची इटलीची शर्यतही जिंकली होती. एकाच वर्षी ह्या दोन्ही जिंकणं १९९८ मध्ये इटलीच्या पंतानीला जमलं होतं, त्यानंतर थेट २०२४ मध्ये पोगाचारला. मधली सव्वीस वर्षं कुणालाच नाही. तेव्हा तो अपवाद धरून चालू नका.

इथवर मी कोचच्या बाजूनं बोलले. आता जिथं मला त्यांचं पटत नाही, ते सांगते.

अख्खा हंगाम एका शर्यतीवर लावणं ही संघाच्या म्होरक्याला मिळणारी चैन आहे. टूरमध्ये प्रत्येक संघाचे आठ जण असतात. त्यातला एक जिंकण्यासाठी जातो, बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून त्याला देतात. त्यांना एकाच महिन्यात फुलून भागत नाही, वर्षभर उपयोगी पडावं लागतं. तुमचा मुलगा उद्या कुठल्याही संघात गेला तर पहिली काही वर्षं याच कामाची असतील. हे काम घोळक्यातच शिकता येतं: पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून राहणं, आडव्या वाऱ्यात कुठल्या बाजूला सरकायचं, वळणाआधी किती जागा धरायची. काटोल रोडवर एकट्यानं शंभर किलोमीटर मारून हे येत नाही.

म्हणून 'बाकी रेस सरावासाठी' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सराव कशाचा? कोचना भेटा आणि प्रत्येक रेसपुढे एक काम लिहून मागा. या रविवारी पहिल्या दहात राहून वळणं घ्यायची. पुढच्या वेळी मित्राला शेवटच्या स्प्रिंटसाठी आपल्या मागे ओढून न्यायचं. त्यापुढे वेळेवर खाणं-पिणं, एवढंच. मग अकरावा नंबर आला तरी तुम्हाला घरी विचारता येईल, 'काम झालं का?' नंबर विचारण्यापेक्षा हे विचारलंत तर पोरगं जास्त खरं बोलेल.

आणि ताण किती, हे प्रत्येकाचं वेगळं. हलक्या जमिनीतला बगीचा थोड्या दिवसांत सुकतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात, आणि ताण हाताबाहेर गेला तर शेंडे वाळतात. वाढीच्या वयातल्या मुलाची जमीन हलकीच समजा. सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस सात-आठ ठोक्यांनी वर राहिली, चिडचिड वाढली, भूक गेली, तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली बरी. कोच काहीही म्हणोत.

पोटापाण्याचं बोलू. युरोपातल्या मोठ्या संघांत भारतीय मुलगा जाणं आजच्या घडीला फार अवघड आहे, हे त्यालाही तोंडावर सांगा. त्याखालच्या कॉन्टिनेन्टल दर्जाच्या संघांत पुष्कळदा पोटापुरताही पगार नसतो. आपल्याकडे वाट थोडी वेगळी आहे. आपल्या मुलांनी जगात नाव काढलं ते जास्त करून ट्रॅकवर, म्हणजे स्टेडियममधल्या गोल धावपट्टीवरच्या शर्यतींत: एसो अल्बेननं २०१८ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं, पुढच्या वर्षी भारताच्या ज्युनियर संघानं टीम स्प्रिंटचं सुवर्ण. ही मुलं दिल्लीच्या राष्ट्रीय सायकलिंग अकादमीत तयार झाली. अकादमी पायातली ताकद मोजून निवड करते, तेव्हा एकदा तिथल्या चाचणीला पाठवा. तो रस्त्याचा की ट्रॅकचा, हे पायच सांगतील. रेल्वे आणि सेनादलं खेळाडूंना नोकरीत घेतात, राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात, क्लबचे कप नाही. कोचनं डिसेंबरावर बोट ठेवलं त्यामागं हाही हिशेब असणार. आणि २०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक दिवसांची शर्यत झाली, म्हणजे मोठी शर्यत बघायला आता युरोपात जावं लागत नाही.

शिक्षण सोडायचा प्रश्नच येत नाही. आपल्या गावचे डॉ. अमित समर्थ पेशानं डॉक्टर. २०१७ मध्ये त्यांनी अख्खी अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, जवळपास ४,८०० किलोमीटर. तीही वर्षातून एकदाच, जूनमध्ये असते. राष्ट्रीय टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाविरुद्धची शर्यत) जिंकणारा नवीन जॉन अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकताना सायकलकडे वळला. तुमच्या मुलाला आकड्यांची आवड आहे हे तर वहीतच दिसतं. क्रीडाविज्ञान, फिजिओथेरपी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची कोचिंगची पदविका, या वाटा त्याच्यासाठी खऱ्या आहेत. फिजिओथेरपीच्या प्रवेशाला 'नीट' (NEET) परीक्षा लागते, म्हणून बायोलॉजी सोडू देऊ नका.

बोर्डाची परीक्षा आणि डिसेंबरची शर्यत एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट एकच शर्यत धरल्यानं तुमचं काम सोपं झालंय. शर्यतीनंतर दहा-बारा दिवस सायकल जवळजवळ बंद ठेवायचीच असते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत सकाळ अभ्यासाची आणि संध्याकाळी तासभर हलकी सायकल. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आणि तारखा परीक्षेवर आल्या तर काय, हे आजच तिघांनी बसून ठरवा: तुम्ही, तो आणि त्याची आई. माझं मत परीक्षेच्या बाजूनं आहे. सतरा आणि अठरा अशी दोन वर्षं तो ज्युनियरमध्ये राहील, पुढच्या वर्षीही राज्य स्पर्धा आहे.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. एकाच दिवसावर सगळं लावलं की तो दिवस हातचा जाईल ही भीती वाढते, आणि नेमका तेव्हा कुणीतरी डबा घेऊन येतो: 'हे घे, काही नाही, ताकदीचं आहे.' अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगनं वर्षभराचा हंगाम एकट्या टूरवर लावून १९९९ ते २००५ सलग सात वेळा ती जिंकली. २०१२ मध्ये उत्तेजकांमुळे सातही विजेतेपदं काढून घेतली. दुकानातल्या साध्या वाटणाऱ्या पावडरीतही बंदी असलेलं काही मिसळलेलं सापडतं. बगीच्यावर कुणी सांगितलं म्हणून तुम्ही फवारणी करत नाही, आधी डब्यावरचं वाचता. इथंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. त्याचं घरचं खाणं पुरतं: पोळी, वरण-भात, अंडी, केळी, आणि लांबच्या फेरीत खिशात गूळ-शेंगदाण्याचा लाडू.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. यंदा नवी सायकल घेऊ नका. आहे तीच नीट सर्व्हिस करा, टायर चांगले घ्या.

येत्या शनिवारी दोघं या, जमलं तर कोचनाही आणा. त्याआधी एक करा. आज संध्याकाळी तो अभ्यासाला बसला की कपाटातली वही त्याच्या टेबलावर नेऊन ठेवा. बुधवारनंतरचे आकडे राहिलेत. पाठ असतील त्याला, पण लिहायला वही हवी.

तुमची,
ताई