व्हीसीव्ही रॅकमध्ये (कॉम्प्युटरवरचं मॉड्युलर सिंथेसायझर सॉफ्टवेअर) मॉड्यूल जोडले तरी आवाज येत नाहीये, काय करू?

आधी ऑडिओ मॉड्यूलच्या डिस्प्लेवर क्लिक करून स्पीकर किंवा हेडफोन सिलेक्ट केलाय का बघ, बऱ्याचदा एवढंच असतं. तरी शांतच असेल तर व्हीसीए (आवाजाची पातळी कमीजास्त करणारं मॉड्यूल) तपास, त्याच्या सीव्हीला (कंट्रोल सिग्नलच्या इनपुटला) एडीएसआर (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारं मॉड्यूल) जोडलाय पण एडीएसआरला गेटच, म्हणजे सूर दाबल्याचा सिग्नलच, मिळत नाहीये (कीबोर्ड किंवा सिक्वेन्सरकडून यायला पाहिजे) तर व्हीसीए बंदच राहणार. खात्री करायला व्हीसीओचा (मूळ सूर तयार करणारं मॉड्यूल) सॉ म्हणजे करवती लहरीचा आउटपुट डायरेक्ट ऑडिओत घाल, पण स्पीकर बारीक करून हां, कान फाटतील.

आवाज आला की लगेच पन्नास मॉड्यूल डाउनलोड करत बसू नको. दोन व्हीसीओ घे, फ्रिक्वेन्सीच्या नॉबवर राइट क्लिक करून एकात १३८.६ हर्ट्झ टाक म्हणजे काळी एकचा सा, दुसऱ्यात त्याच्या दीडपट म्हणजे २०७.९, हा शुद्ध पंचम, कीबोर्डवरच्या पंचमापेक्षा किंचित चढा. दोन्ही मिक्सरमधून फिल्टरला दे आणि त्याच्या कटऑफला (जिथून वरचे सूर कापले जातात ती मर्यादा) अगदी स्लो एलएफओ (सावकाश वर-खाली होणारा कंट्रोल सिग्नल) लाव, झकास ड्रोन, म्हणजे तानपुऱ्यासारखा अखंड सूर, होतो, त्यावर तासभर खेळता येतं.

बाकी फ्री व्हर्जन स्टँडअलोनच चालतं, डॉमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्लगिन म्हणून हवं असेल तर प्रो विकत घ्यावं लागतं, नाहीतर कार्डिनल (रॅकवरच आधारलेलं प्लगिन) बघ, तेही फुकट आहे.