फुटबॉल बंद करू का, मॅडम?

थंडी पडली की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडं समुपदेशनाला यायला लागतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर सीझन रंगात येतो आणि दहावीची परीक्षा तोंडावर, दोन्ही एकदमच. वर पेठेत राहायचं म्हणजे तालमीच्या (इथं तालमींच्या फुटबॉल टीम असतात) टीमचा नाद रक्तातच, पोराला तरी काय बोलणार!

त्यातलं एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात. वडील रिक्षावाले, आई घरी शिवणकाम करते, पोरगा दहावीत, शाळेच्या टीमचा विंगर. बापलेक दोन महिने एकमेकांशी धड बोलत नव्हते. बऱ्याच जणांनी मला सांगितलं होतं की पोराला एकट्याला समजवा, पण माझा अनुभव असा की भांडण पोरात नसतंच, ते घरात कुठंतरी अडकलेलं असतं, म्हणून मी तिघांनाही बोलावते. (हे माझ्या सीनिअर मंडळींना फारसं पटत नाही, असो.)

पहिले दोन-तीन वेळा तेच ते. मार्क, मोबाईल, संगत. मग एकदा पोरगा बोलून गेला, "अनिकेत जाधवचे वडील पण रिक्षाच चालवायचे, पप्पा." (अनिकेत म्हणजे वर्ल्ड कप खेळलेला फुटबॉलपटू.)

वडील एकदम उठले. "बघा मॅडम, रोज हेच. त्यानं पोराला वर्ल्ड कपपर्यंत नेलं, मी साधे बूट घेऊन देत न्हाई, हेच म्हणायचंय की याला!"

पोरगा बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मी तसं कुठं म्हटलं? आपल्यासारख्याच घरातला आहे, म्हणून सांगतोय."

मी काही बोलले नाही, अशा वेळी गप्प बसणं हेच माझं काम असतं आणि ते मला आता जमतं. पोराला त्या गोष्टीतून धीर येत होता आणि बापाला तीच गोष्ट टोमण्यासारखी लागत होती. दोन महिने दोघं एकाच वाक्यावरून भांडत होते! आईनं तेवढ्यात सांगून टाकलं की बुटाचे पैसे तिनं भिशीतून कधीच दिलेत, बूट मावशीकडं ठेवलेत. वडील आधी चिडले, मग हसले.

त्या दिवसापासून मला एक कळलं, खेळाडूंच्या घरच्या गरिबीच्या गोष्टी आपण फार अर्धवट सांगतो. अनिकेत 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, पण त्याआधी तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत होता, तिथं राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं सरकारी. त्याच टीमचा कॅप्टन अमरजित, मणिपूरचा, त्याची आई मासे विकायची. भारताचा माजी कॅप्टन भायचुंग भुतिया तर नवव्या वर्षीच साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरण) स्कॉलरशिपवर गंगटोकच्या शाळेत गेला. सुनील छेत्रीचं घर वेगळं, वडील लष्करात, आई स्वतः नेपाळकडून खेळलेली. म्हणजे नुसत्या बापाच्या घामावर कुणी एवढं लांब जात नाही, मधे एखादी संस्था नाहीतर एखादा कोच लागतोच, हे बापाला सांगितलं की त्याच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

तेव्हा पालकहो, बंद करू का हे पोराला विचारण्याआधी कोचला जाऊन भेटा. पोरगा कुठल्या लेव्हलला आहे हे तो तोंडावर सांगेल. शाळेकडून सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, पाठवतात का विचारा. खेळाडूंना दहावीला ग्रेस मार्क असतात आणि पुढं सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण, पण त्यासाठी ठरावीक लेव्हलची सर्टिफिकेटं लागतात, तालमीच्या टुर्नामेंटच्या मेडलवर ते होत नाही. ती फाईल आत्ताच करून ठेवा. आणि परीक्षेपर्यंत सकाळची प्रॅक्टिस ठेवा, संध्याकाळच्या मॅच सोडा, एकदम तोडलंत तर पोरगं पुस्तकही धरणार नाही.

आमच्या या पोराला दहावीला बासष्ट टक्के पडले. ट्रायलला गेला, सिलेक्शन झालं नाही. वडील मला रिक्षा स्टँडवर भेटले तर म्हणाले, "डावा पाय कच्चा आहे तेचा, मी सांगत होतो की पहिल्यापासनं."