जुन्या मुंबईत लोक दारं उघडी टाकून झोपायचे म्हणतात. म्हणजे तेव्हा गुन्हे होतच नव्हते का?

उघडी दारं मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे तेवढं खरं. माझा जन्म १९५७चा, लालबागच्या एका चाळीतला. वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाला. आमच्या खोलीला कडी होती, पण कुलूप नव्हतं. मे महिन्यात गावी जायचं झालं की आई शेजारच्या काकूंकडून कुलूप मागून आणायची आणि आल्यावर चहापत्तीच्या पुडीसकट परत द्यायची.

पण म्हणून तेव्हाची माणसं देवासारखी होती, असं काही समजू नका. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही सातजण. तिघे आत, बाकीचे गॅलरीत. चोराला आमच्या दारापर्यंत यायचं तर पंधरा-वीस झोपलेली माणसं ओलांडावी लागायची, आणि त्यातली दोन-चार हमखास जागी असायची, कारण कुणी रात्रपाळीला निघालेलं तर कुणी दुसऱ्या पाळीहून आलेलं. शिवाय न्यायचं काय? तांब्या-पितळेची भांडी, एक पत्र्याची ट्रंक, दोरीवरची लुगडी. आमच्याकडे ‘चोरी झाली’ म्हणजे बहुतेक वेळा नळाची पितळी तोटी गेली. मग आठवडाभर नळाला लाकडी खुंटी आणि बायकांच्या शिव्या.

गुन्हे मात्र होते. ते दार फोडून येत नव्हते, आधीपासून आत बसून चहा पीत होते.

आमच्या जिन्याच्या वळणावर एक गृहस्थ स्टुलावर बसायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पांढरा लेंगा, कानाला पेन्सिल, मांडीवर कार्बन घातलेली वही. ते मटक्याचे, म्हणजे आकड्यांच्या जुगाराचे, रायटर होते. चार आण्यांपासून आकडा घ्यायचे. चिठ्ठीवर नाव नाही, पत्ता नाही, फक्त आकडा आणि रक्कम. एवढ्याशा कागदावर आख्खी चाळ विश्वास ठेवायची. घरमालकाने पावती दिली नाही म्हणून भांडणारी माणसं आप्पांच्या चिठ्ठीबद्दल कधी बोलली नाहीत. लागलेले पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणारच.

मटका आला कुठून, हे नव्या पिढीला माहीत नसतं. आधी होता ‘आकडा’. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय मिटला, ते टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचं आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. गंमत बघा, दिवसभर ज्या कापसाचा फुफाटा नाकातोंडात जायचा, संध्याकाळी त्याच कापसाच्या सातासमुद्रापलीकडच्या भावावर आमची माणसं चार आणे लावायची. १९६१च्या सुमारास हे भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा खेळ सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी वेगळा. भगत मूळचे कच्छचे, वरळीत किराणा दुकान चालवायचे. खत्री फाळणीनंतर कराचीहून आलेले. मडक्यात चिठ्ठ्या टाकून काढायचे म्हणून मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव तेवढं राहिलं.

खेळ असा. राजा-राणी-गुलाम काढून टाकलेल्या पत्त्यांतून तीन पानं काढायची. समजा ३, ६, ८ आली. बेरीज १७, शेवटचा आकडा ७, म्हणजे ओपन ७. नंतर पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एका आकड्याला रुपयाला नऊ मिळायचे, जोडीला नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे दोन्हीकडे धंदेवाल्याचे शंभरातले दहा सुटलेलेच. हा हिशेब मला सहावीत असताना आप्पांनी समजावून सांगितला होता. वर म्हणाले होते, “तू लावू नकोस, तुझ्या बापाला काय सांगायचं ते सांगून झालंय.”

खत्रींचा ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला. तो फोनाफोनीने शहरभर पसरायचा. आमच्या नाक्यावर इराण्याकडे फोन होता. तिथून एक पोरगा धावत यायचा आणि पानपट्टीशेजारच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. दुसरी पाळी सुटून माणसं येत ती आधी त्या भिंतीपाशी थांबत आणि मग घरी जात. चेहऱ्यावरून घरी कळायचं आज काय झालं ते. स्वप्नात साप दिसला तर अमुक, मेलेलं माणूस दिसलं तर तमुक, असले आडाखे बायकांनाही पाठ होते. माझी आजी एकादशी मोडायची नाही, पण स्वप्न पडलं की दोन आणे हळूच सरकवायची. आप्पा तिच्यापुरते चार आण्यांचा नियम सोडायचे.

हा गुन्हाच होता. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा आहे, त्याखाली रस्त्यावर आकडा घेणं आणि लावणं दोन्ही गुन्हे. दारूचंही तेच. १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि १९५०च्या एप्रिलपासून सगळीकडे दारू बंद झाली. साठच्या दशकात सवलती सुरू झाल्या, तरी गिरणगावात हातभट्टीच चाले. काळा गूळ, नवसागर आणि काय काय. मागच्या गल्लीत एका विधवा बाईंचा गुत्ता होता. माल रबरी ट्यूबमधून यायचा, कधी पोटाला बांधून आणलेला. आम्ही पोरं त्यांच्याकडे उकडलेली अंडी आणायला जायचो, इतकं ते घरगुती होतं. तिसरा गुन्हा गिरणीच्या फाटकावर उभा असायचा. पगाराच्या दिवशी काठी घेतलेला पठाण. १९४६चा सावकारी कायदा होता, परवाना लागायचा, पण फाटकावर परवाना विचारतो कोण? व्याज आधी कापून घ्यायचा, मुद्दल तसंच राहायचं.

म्हणजे पगार झाला की पठाण, गुत्ता आणि आप्पा, आणि उरेल ते घरी. गुन्हेगारी म्हणून मी लहानपणी जे जवळून पाहिलं ते हे. सिनेमातले गॉगलवाले स्मगलर आम्हाला सिनेमातच दिसले.

आता पोलीस. ते झोपले होते का? मुळीच नाही. ते शेजारीच राहत होते. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांची कुटुंबं आणि गिरणी कामगार पाठीला पाठ लावून राहायची. आमच्या चाळीतही तळमजल्यावर एक हवालदार होते, साताऱ्याकडचे. निळा डगला, अर्धी चड्डी, पिवळी-निळी टोपी. त्यांचा सख्खा मेहुणा माझ्या वडिलांच्या शेजारच्या सांच्यावर. सकाळी पाण्याला त्यांची बायको आणि आप्पांची बायको एकाच रांगेत. अशा माणसाने आप्पांना पकडायचं कसं?

तरी पकडायला लागायचं, कारण ठाण्याला महिन्याकाठी केसेस दाखवाव्या लागायच्या. मग निरोप यायचा, “उद्या एक माणूस द्या.” आप्पा माणूस द्यायचे. ज्याला त्या दिवशी काम मिळालं नाही असा एखादा बदली कामगार. त्याच्या खिशात दोन चिठ्ठ्या आणि थोडी चिल्लर ठेवायची, तो नाक्यावर उभा राहायचा, शिपाई येऊन दंडाला धरायचे, पंच आधीच चहा पिऊन तयार. दुसऱ्या दिवशी कोर्टात गुन्हा कबूल, किरकोळ दंड, तो वरून भरला जायचा, आणि या माणसाला दिवसाची मजुरी सुटायची. आमच्या वरच्या मजल्यावर असे एक काका होते. माळकरी. आयुष्यात एकदाही आकडा लावला नाही, आणि कागदोपत्री अट्टल जुगारी. त्यांच्या मुलाच्या लग्नाची बोलणी याच पायी एकदा फिसकटली होती. ते हसून सांगायचे, पण त्यांची बायको हसायची नाही.

मी स्वतः एकदा सापडलो. अकरा-बारा वर्षांचा असेन. आप्पांनी शाळेच्या दप्तरातून चिठ्ठ्यांचं पुडकं पलीकडच्या गल्लीत पोचवायला दिलं होतं, बदल्यात दहा पैसे. कोपऱ्यावर आमचेच हवालदार. “काय रे, दप्तर एवढ्या संध्याकाळी?” माझं तोंड बघूनच कळलं असणार. त्यांनी पुडकं काढलं, वरच्या दोन-चार चिठ्ठ्या अंगठ्याने सरकवून पाहिल्या, पुन्हा दोरा गुंडाळला आणि दप्तरात ठेवला. “सगळेच सहावर बसलेत आज,” एवढंच म्हणाले. मग कानाखाली एक दिली आणि सांगितलं, “परत हे दप्तरात दिसलं तर तुझ्या आईला सांगेन.” आईला सांगेन. ठाण्यात नेईन असं म्हणाले नाहीत, आणि मला आईचीच भीती जास्त होती हे त्यांना बरोबर माहीत होतं.

सरकारने १९६९ मध्ये राज्य लॉटरी काढली, मटक्याला आळा बसावा म्हणून. वडील तिकीटही घ्यायचे आणि आकडाही लावायचे. लॉटरीला थांबावं लागतं, ओपन आज रात्री नऊला येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नुकसान किती झालं ते मला कधी कळलं नाही. आमच्या घरातला तांब्याचा मोठा हंडा मात्र एकदा कल्हईला म्हणून गेला. आठ दिवस झाले, पंधरा झाले. आईने एकदाच विचारलं, “कल्हईवाला मेला का?” वडील गप्प. हंडा सराफाकडे होता, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दिवाळीच्या बोनसमधून तो सुटून आला, तेव्हा तिने तो चिंचेने घासघासून लख्ख केला आणि वरच्या फळीवर ठेवला, जिथे वडिलांचा हात पोचायला स्टूल लागायचं.

रक्तपात नव्हता असंही नाही. १९६८ चा पावसाळा मला चांगला आठवतो. रामन राघव. उपनगरांत रात्री झोपड्यांत, उघड्यावर झोपलेल्यांच्या डोक्यात घाव घालायचा. तुम्ही उघड्या दारांबद्दल विचारलंत म्हणून मुद्दाम सांगतो, तो मारत होता ते दार बंद करण्याची सोयच नसलेल्यांना. आमच्या भागात तो आलाही नव्हता, पण गॅलरीत झोपणाऱ्यांच्या उशाशी बांबू आले, आणि अनोळखी फाटक्या माणसाला दिसेल तिथे मार पडू लागला. ऑगस्टच्या अखेरीस अ‍ॅलेक्स फियालो या फौजदारांनी त्याला रस्त्यात ओळखून पकडलं. आधी एकदा तो पोलिसांच्या हाती लागून सुटला होता, तडीपारही झाला होता, हे नंतर कळलं. पकडल्याची बातमी आली त्या रात्री लोक पुन्हा गॅलरीत पथाऱ्या टाकून मोकळे.

त्यानंतर दोन वर्षांनी, ५ जून १९७०च्या रात्री, लालबागमध्येच कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. तेव्हा मी तेरा वर्षांचा. त्या रात्री चाळीत कुणी मोठ्याने बोललं नाही, आणि आमच्या दाराची कडी आतून लागलेली मी पहिल्यांदा पाहिली. काही दिवसांनी ती पुन्हा निघाली. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आजही लालबागमध्ये भांडणं होतात.

आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले, तेव्हा आप्पांनी काही महिने जिन्यात शेव-चिवड्याच्या पुड्या विकल्या. नंतर वही परत आली. हे जग खरं मोडलं ते १९८२ मध्ये. १८ जानेवारीला कामगार पुढारी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाख माणसं घरी बसली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला पोलीसही बिथरले. त्यांच्या संघटनेवर बंदी आली, पुढाऱ्यांना अटक झाली, रस्त्यावर जाळपोळ आणि लष्कर आलं. आमचे हवालदार तेव्हा निवृत्तीला टेकलेले. दिवसभर खोलीच्या उंबऱ्यावर बनियनवर बसून होते, आणि संपावरचे माझे वडील त्यांच्यासमोर. दोघांचंही काम बंद.

पुढचं तुम्ही वाचलं असेल. कामाला न लागलेली पोरं टोळ्यांत गेली. १९८७ मध्ये तर सात रस्त्याच्या पोलीस लॉकअपमध्ये घुसून टोळीवाल्या बाबू रेशीमला मारलं. पंचांना आधी चहा पाजण्याचे दिवस संपले होते.

आमच्या दाराचं सांगायचं राहिलं. ते दिवसाढवळ्या लागायला लागलं ते संपाच्या सातव्या-आठव्या महिन्यात, चाळीतल्या बहुतेक दारांसारखंच. चोराला भिऊन नव्हे. दुपारी स्टोव्ह पेटला नाही, हे समोरच्यांना दिसू नये म्हणून आई कडी लावायची. समोरच्यांचंही दार तेव्हा बंदच असायचं.