होमोसिस्टिन्युरिया असलेल्या मुलाचे डोळे

ताई, मुलाचा चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढत असेल किंवा नजर वळवताना बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा थरथरताना दिसत असेल, तर केवळ नवा चष्मा करून थांबू नका. होमोसिस्टिन्युरिया या जन्मजात आजारात शरीरात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साठते, डोळ्यातील भिंग धरून ठेवणारे तंतू कमकुवत होतात आणि भिंग बहुधा खाली सरकते. औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करूनच तपासणी करून घ्या. ठरवून दिलेले कमी प्रथिनांचे पथ्य काटेकोर पाळा. काही मुलांना बी-६ जीवनसत्त्वाचाही चांगला गुण येतो. शस्त्रक्रिया ठरलीच, तर भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव आधी लेखी कळवा, कारण रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो आणि नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू टाळावा लागतो. माझ्या मते ही चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. परळच्या केईएम रुग्णालयात दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे, तेथेही रक्तातील होमोसिस्टीनचा ताजा अहवाल सोबत न्या.