पेशी 'शोषते' की 'उचलते'?

वाशिमकडच्या एका गावातून प्रश्न आला आहे. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांसाठी माहितीपत्रक लिहायचं आहे. त्यात 'कातडीतल्या पेशी बिब्याचा अंश शोषून घेतात आणि अ‍ॅलर्जी होते' हे वाक्य चालेल का?

'शोषणे' काढा. फडकं पाणी शोषतं, त्यात फडक्याला काही करावं लागत नाही. बिब्याच्या टरफलातलं काळं तेल कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात जातं, तिथवर हे क्रियापद ठीक, आणि त्याहून 'मुरणे' चांगलं. तळहाताचा हा थर जाड असतो, म्हणून पुष्कळदा तिथे काही दिसत नाही, आणि त्याच हातानं पुसलेली पापणी मात्र सुजते.

थराखाली जिवंत पेशींचं काम सुरू होतं. तेलाचा सुटा रेणू इतका लहान की शरीर त्याची दखल घेत नाही. पण तो कातडीतल्या प्रथिनाला घट्ट चिकटला की ते प्रथिन परकं ठरतं. लँगरहान्स पेशी तिथेच फांद्या पसरून असतात. (पॉल लँगरहान्सनं १८६८ साली, विद्यार्थी असताना, त्यांचं वर्णन केलं, त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या होत्या.) पेशीचं आवरण आत दुमडतं आणि ते प्रथिन पोटात घेतं. पेशी आत त्याचे तुकडे करते, एक तुकडा आपल्या अंगावर मांडते आणि काखेतल्या गाठीकडे निघते. हाताला जखम चिघळली की अवधान येतं ती हीच गाठ. तिथे टी-पेशी, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तो तुकडा ओळखायला शिकतात. या शिकण्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात.

या सगळ्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: उचलणे. 'पऱ्हाटीनं खत उचललं' हे शेतात रोज बोललं जातं. नुसतं भिजणं वेगळं, जिवंत मुळानं आपल्या कामासाठी घेणं वेगळं, हा फरक त्यात आहे. तोच पेशीला लागू पडतो.

'अ‍ॅलर्जी होते' ऐवजी 'बिबा उततो' लिहा. तो गावंढळ शब्द नाही. दूध उतू जातं, 'उतणार नाही, मातणार नाही' असं कहाणीत येतं, त्यातलाच हा उतणे: हद्द सोडून वर येणे. पण कच्चं तेल कातडीला थेटही जाळतं. तिथे 'भाजला' म्हणावं. टी-पेशी एकदा शिकल्या, की पुढच्या स्पर्शानंतर १ ते ३ दिवसांनी खाज सुटते, पुरळ आणि फोड येतात, तो 'उतला'.

मग वाक्य असं होईल: 'बिब्याचं तेल कातडीत मुरतं, तिथल्या पेशी ते उचलतात, आणि नंतर पुन्हा हात लागला की बिबा उततो.' त्याखाली एक ओळ जोडा: तेल लागल्याबरोबर साबणानं धुवा, तोवर तो हात तोंडाला लावू नका.