उतरायचे महिने, टिकवायचे महिने

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. वजन ७४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, आणि खाली एकच मागणी: ‘बाई, तीन महिन्यांत १५ किलो उतरवायचंय, तक्ता करून द्या.’ तक्ता मी देणार नाही. तू दिवसभर टॉवेलवाल्यांचे हिशेब जुळवत बसतेस, म्हणून आधी तुझ्या त्या पंधराचाच हिशेब मांडते.

अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पंधरा किलोंच्या झाल्या १,१५,५००. नव्वद दिवसांत त्या संपवायच्या तर रोज १,२८० ची तूट काढावी लागेल. खुर्चीवर बसून काम करणारी तुझ्या वयाची, तुझ्या बांध्याची बाई दिवसाला अंदाजे १,८०० ते १,९०० खर्च करते. मग तुझ्या ताटात उरलं काय? सहाशे. म्हणजे ज्वारीच्या तीन भाकऱ्या आणि वर काही नाही, भाजीसुद्धा नाही. असं चार दिवस निघतील, हट्टाने आठ निघतील. त्यानंतर चक्कर, चिडचिड, गळणारे केस, बिघडलेली पाळी, आणि चरबीच्या जोडीने स्नायूही जायला लागतात. ज्या दिवशी हे सुटेल त्या दिवशी तू दुप्पट खाशील आणि वर स्वतःलाच आळशी ठरवशील. दोष तुझा नसतो ग, आकडाच खोटा धरलेला असतो.

‘पण मैत्रिणीचं पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरलं’ असं तू लिहिलंयस. उतरलं असेल की. भात-भाकरी एकदम तोडली की शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरून टाकतं. त्या साठ्याला तिच्या तिप्पट पाणी चिकटलेलं असतं, ते आधी निघून जातं. काटा खाली येतो आणि चरबी बहुतेक जागच्या जागी असते. पुन्हा जेवायला लागली की पाणी परत. तुझ्या मैत्रिणीला हे सांगू नकोस, उगीच वाईट वाटेल.

आता तुझ्या मेसेजमधलं दुसरं वाक्य. तुळशीचं लग्न झालं की बघायला येणारे सुरू होतील, असं आई म्हणते. त्यावर माझं मत तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढं बघ, की आईची तारीख धरून ठरवलेलं वजन आईच्या तारखेनंतर कुणासाठी टिकवणार? तुझ्या वडिलांना शुगर आहे. हे कारण तुझं स्वतःचं आहे आणि ते जन्मभर पुरणारं आहे.

त्या कारणाला किती किलो लागतात, तेही बघ. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. एका गटाला आहार सुधारायला लावून दोन लक्ष्यं दिली होती: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. तुझ्या ७४ किलोंचे ७ टक्के म्हणजे पाच किलोंच्या थोडं वर. पंधरा कुठे आणि पाच कुठे! पण पाच होतात, आणि त्यांचा उपयोगही होतो.

आता मुख्य मुद्दा. वजनाचे तक्ते करणारे लोक असं धरून चालतात की वर्षाचे बाराही महिने सारखेच. सोलापुरात राहणाऱ्या माणसाने असं धरणं म्हणजे कमाल आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, सकाळी आठलाच रस्ता तापतो, त्यात लग्नसराई आणि आमरस. डिसेंबरात हुरड्याची आमंत्रणं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, घरी पाहुणे, शेंगापोळ्यांचे डबे. अशा वर्षात एकाच उताराची रेघ ओढलीस तर ती पहिल्याच सणाला मोडणार. म्हणून वर्षाचे तुकडे पाड. काही महिने वजन उतरवायचे, काही नुसतं टिकवायचे. टिकवायच्या महिन्यांत काटा किलोभर इकडे-तिकडे झाला तरी चालेल, त्या महिन्यांचं काम तेवढंच. हुरडा खा, गूळ खा, शेतावर चालत जा, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस.

माझ्या मते तुझी वाटणी अशी करावी. आत्ता मृग लागलाय, इथून कोजागिरीपर्यंतचे चार महिने उतरवायचे. आपल्याकडे पाऊस बेताचाच, त्यामुळे चालणं फारसं अडत नाही. दिवाळीपासून गड्ड्यापर्यंत टिकवायचं. संक्रांत झाली की होळीपर्यंत सकाळी छान गार असतं, तेव्हा पुन्हा दोन-तीन किलो. पाडव्यापासून पुढचा मृग लागेपर्यंत परत टिकवायचं. वर्षाअखेर सात-आठ किलो. तुझ्या पंधराच्या निम्मे, पण एका उन्हाळ्यातून आणि एका दिवाळीतून तावून निघालेले.

पहिल्या तुकड्यासाठी एक गोष्ट सुचवते. काट्यावरचा आकडा बाजूला ठेव आणि ठरव, की या कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचं. सुमारे ४५ किलोमीटर. दरवर्षी आपल्या गावातली किती माणसं जातात, तू लहानपणापासून बघतेस. तुझ्या गल्लीतल्या आज्जीही गेलेल्या असतील. हे लक्ष्य मला वजनापेक्षा बरं वाटतं, कारण त्याची तयारी रोज तुझ्या हातात आहे. काट्यावर काय दिसेल ते तुझ्या हातात नाही. मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, की तो किलो-दीड किलो वर दिसतो आणि तू दिवसभर तोंड पाडून बसतेस. आज चाळीस मिनिटं चाललीस की नाही, याचं उत्तर मात्र संध्याकाळी हो किंवा नाही एवढंच असतं.

आठवड्यातले पाच दिवस चाळीस मिनिटं. तुला जुळे सोलापुरातून धर्मवीर संभाजी तलाव जवळ आहे, तिथे जा. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. रविवारी लांब चाल. पहिल्या रविवारी सहा किलोमीटर, मग दर रविवारी किलोमीटर-दीड किलोमीटर वाढव, आणि दर चौथ्या रविवारी मुद्दाम कमी चाल. सप्टेंबर संपताना पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचलीस की पुष्कळ झालं. उरलेलं अंतर त्या रात्रीची गर्दी आणि सोबतच चालवून घेते. एकटी जायचं नाही, चौघीजणी जमव. अनवाणी जायचं की नाही ते तू आणि देवी ठरवा, पण सराव बुटातच करायचा. गुडघ्यात कळ आली तर तो आठवडा सोडून दे. दहा हजार पावलांच्या मागे लागू नकोस. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून पसरला, कुठल्या तपासणीतून नाही.

खाण्याकडे येते. चार महिन्यांत पाच किलोंसाठी रोजची तूट सव्वातीनशेच्या आसपास लागते. चार किलोमीटर चालल्यावर तुझ्या वजनाला दीडशे-पावणेदोनशे खर्च होतात. राहिले दीडशे. ते भाकरीतून काढायला जाऊ नकोस, भाकरीने तुझं काही बिघडवलेलं नाही. तेलाच्या डब्याकडे बघ. तुमच्या घरी चौघांत महिन्याला चार लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. चारावरून तीन लिटरवर आणलंत तर प्रत्येकाच्या वाट्याचे जवळजवळ सत्तर कमी होतात, आणि वडिलांना चवीत फरक कळणारही नाही. आईशी बोलून डब्यावर आणल्याची तारीख लिहून ठेव, तो किती दिवस पुरला एवढंच बघायचं. मग चहा. ऑफिसात चार कप, कपाला दोन चमचे साखर म्हणालीस. एकेक चमचा काढलास की ऐंशी गेले. झाले की दीडशे!

शेंगा चटणीबद्दल तू भीत भीत विचारलंयस, म्हणून सांगते. खा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात, पण कॅलरीही साडेपाचशेच्या वर. एक मोठा चमचा चटणी दह्यात कालवून खाल्लीस तर उत्तम. वाटीभर चटणी आणि तिच्यावर तेलाची धार, हा प्रकार टिकवायच्या महिन्यांसाठी ठेव. डाळ, उसळ, दही, चालत असतील तर अंडी, यांतलं काही ना काही दोन्ही जेवणांत हवंच. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर उतरताना स्नायू कमी झिजतात, भूकही आवाक्यात राहते. आणि श्रावण येतोय. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप, संध्याकाळी वेफर्स. असा उपवास केलास तर एरवीपेक्षा जास्त कॅलरी जातील. उपवास करायचा असेल तर भगर, आमटी आणि ताक. सात रस्ता चौकातल्या खाण्याच्या गाड्या मी बंद करत नाही, आठवड्यातून एक संध्याकाळ तुझी.

काट्यावर आठवड्यातून एकदाच उभी राहा, ठरलेल्या वारी, उठल्यावर, संडास-लघवी झाल्यावर. त्यापेक्षा कमरेचा टेप मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की धोका वाढतो, पुरुषांना ९० च्या वर. मापावरून २००४ सालची एक गंमत सांगते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण भारतीय बारीक दिसत असलो तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेषाही २५ ऐवजी २३ वर धरतात. तुझी ती बारीक मैत्रीण निश्चिंत आहे म्हणालीस. तिलाही टेप लावायला सांग.

टेप बेंबीच्या वर-खाली हलवून सोयीचा आकडा शोधू नकोस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सोडून.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काही हवंच: बैठका, भिंतीला टेकून जोर, पायऱ्या. गड्डा यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांचा, नंदीध्वजांचा, यात्रेआधीचा सराव बघितलायस ना? मानकरी काही संक्रांतीच्या दिवशी एकदम काठी उचलत नाहीत. तेवढीच सावकाश तूही चढ. पहिल्या आठवड्यात दहा बैठका झाल्या तरी झाल्या. नळाला पाणी येतं त्या दिवशी कळश्या-बादल्या वर नेतेस, तो दिवस मी ताकदीतच धरते. कुठलाही व्यायाम पोटावरचीच चरबी वेचून काढत नाही, तेव्हा त्या पट्ट्या आणि घाम काढणारे जॅकेट यांना पैसे देऊ नकोस. झोप सात तासांची. मोबाइल उशाशी नको. यावर जास्त लिहीत नाही, तू ऐकणार नाहीस.

एक गोष्ट मात्र आधी. ‘जिना चढले तरी धाप लागते, दुपारी डोळे मिटतात’ असं तू जाता जाता लिहून टाकलंयस. ते वजनामुळेच असेल असं धरू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढं करून घे, आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखव. पाळी पुढे-मागे होत असेल तर तेही सांग, लाजू नकोस. हिमोग्लोबिन फार खाली निघालं तर आधी त्याचा इलाज, चालणं हळूहळू, आणि तुळजापूर पुढच्या वर्षी. देवी कुठे जात नाही.

या आठवड्यात तपासण्या कर. रविवारी सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावापाशी ये, पहिले सहा किलोमीटर मीही चालते. आदल्या दिवशी जुने बूट घालून घरात तासभर फिरून बघ, टाच घासत असेल तर नवे घे. येताना शिवणकामाचा टेप घेऊन ये, माझा पोरांनी कुठे टाकलाय कोण जाणे.

तुझ्या,
खेळाच्या बाई