रुग्णालयातल्या रेडिओसाठी मिक्सर कोणता घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा स्वयंसेवक तयार आहेत, रुग्णालयाने रुग्णांना गाणी ऐकवण्याच्या रेडिओसाठी एक खोली दिली आहे, आता मिक्सर (माइक आणि गाण्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र) कोणता घ्यायचा. मिक्सर सगळ्यात शेवटी घ्या. आधी एखाद्या खाटेपाशी उभे राहा आणि रुग्णाच्या कानापर्यंत आवाज कोणत्या वाटेने पोचणार ते पक्कं करा.

खाटेच्या उशाशी हेडफोनसाठीची जुनी वायरिंग असेल तर प्रत्येक सॉकेटला हेडफोन लावून स्वतः ऐका आणि खाटेच्या क्रमांकासह बिघाड लिहून काढा. बहुतेक वेळा सॉकेट सैल झालेलं असतं किंवा केबल पिनेच्या मुळाशी तुटलेली असते. वायरिंग नसेल तर इंटरनेट स्ट्रीम सुरू करा आणि खाटेजवळ क्यूआर कोड लावा. स्ट्रीमसाठी एएसी हा ध्वनीचा प्रकार आणि ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) हा वेग पुरेसा आहे. तासाला साधारण २९ एमबी डेटा लागतो. शंभर जण एकदम ऐकू लागले तर वाय-फायवर सुमारे साडेसहा एमबीपीएसचा भार पडतो, तो आकडा आयटी विभागाला आधीच सांगा. आणखी एक अडचण हमखास येते. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायचं लॉगिन ठरावीक वेळाने संपतं आणि रेडिओ गप्प होतो. रुग्णाला वाटतं, केंद्रच बंद पडलं. स्ट्रीमचा पत्ता लॉगिनशिवाय उघडेल अशी सोय मागून घ्या.

बरेच रुग्ण एकाच कानात इअरफोन घालतात, दुसरा कान सिस्टरच्या हाकेकडे असतो. म्हणून प्रसारण मोनोच ठेवा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. पण काही रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्या चॅनेलची फेज उलटी असते, म्हणजे एकाची ध्वनिलहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. दोन्ही एकत्र केले की गायकाचा आवाजच नाहीसा होतो, मागे नुसता वाद्यमेळ राहतो. प्रत्येक गाणं संग्रहात घेण्याआधी मोनोत ऐका.

आता मिक्सर. दोन माइक आणि एक यूएसबी इनपुट असलेला कोणताही साधा मिक्सर चालेल. माइक मात्र डायनॅमिक घ्या, कारण कंडेन्सर माइक बाहेरच्या ट्रॉलीची खडखडसुद्धा पकडतो. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा, आवाजाची शिखरं मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तीस सेकंद शांतता झाली की राखीव प्लेलिस्ट आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. संगीताचे परवानेही त्याआधीच काढा. गाण्याच्या रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात.

या कामाचा जीव वॉर्डमधल्या फेरीत आहे. फर्माईश गोळा करायला दोघांनी मिळून जावं. आधी ड्यूटीवरच्या सिस्टरना विचारायचं, आज कोणाकडे जायचं नाही. बाह्या कोपराच्या वर, मनगटावर घड्याळ किंवा अंगठी नाही, प्रत्येक खाटेच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ. जुलाब-उलट्यांची साथ असलेल्या वॉर्डात सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण आणि पाणीच लागतं. पण अशा वॉर्डात त्या दिवशी न जाणंच बरं. ज्या स्वयंसेवकाला स्वतःला असा त्रास झाला असेल त्याने तो थांबल्यावर ४८ तास घरीच राहावं. खाटेवर बसायचं नाही. गाण्यांची यादी हातोहात फिरवायची नाही, आपणच वाचून दाखवायची.

“काय झालंय तुम्हाला?” हे कधीच विचारू नका. “कोणतं गाणं लावू?” म्हटल्यावर बहुतेकांना काही सुचत नाही. “शाळेत असताना घरी काय लागायचं?” असं विचारा, मग चेहरा बदलतो आणि गप्पा सुरू होतात. दहा मिनिटं कोणी बोलत राहिलं आणि फर्माईश केलीच नाही, तरी ती फेरी सार्थकी लागली असं मी मानतो. चिठ्ठीवर पहिलं नाव, गाणं आणि ऐकण्याची वेळ एवढंच लिहा. नाव हवेवर घ्यायचं की नाही ते त्यांनाच विचारा. वॉर्डचं नाव सांगू नका, त्यावरून आजार कळतो.

माइकवर “लवकर बरे होऊन घरी जा” असं म्हणू नका. ऐकणाऱ्यांत घरी न जाणारंही कोणी असतं. “हे गाणं खास तुमच्यासाठी” एवढं पुरतं.

दोन तासांत, गाणं चार मिनिटांचं आणि बोलणं एक मिनिट धरलं, तर २४ गाणी बसतात. फर्माइशी वीसवर थांबवा आणि सगळ्या त्याच संध्याकाळी लावा. उद्यापर्यंत त्या खाटेवर दुसरं कोणी असू शकतं.